आईचं हृदय कमजोर आहे, म्हणून पाय का बांधायचे?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाने लिहिलं आहे. वय ३८, शेती आणि जोडीला छोटं दुकान. आई ६४ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण शेवटच्या टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती बाहेर ढकललं जातं ते) ३० टक्के आलं. तेव्हापासून घरातलं कुणीही आईला काडी उचलू देत नाही. दिवसभर त्या सोप्यात खुर्चीवर बसून असतात. चार पावलं टाकली तरी आता त्यांना दम लागतो. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, "यांना रोज चालवा." मामा म्हणतात, "फाटक्या हृदयाच्या बाईला चालवायचं? डोकं ठिकाणावर आहे का?" शेजाऱ्यांनी बीटाचा रस सुचवला, एका मित्राने एल-आर्जिनिनची पावडर आणून दिली. शहरातल्या एका केंद्राची जाहिरातही आली आहे: ३५ सिटिंग, शस्त्रक्रियेशिवाय सगळ्या रक्तवाहिन्या मोकळ्या. त्यासाठी दुभती म्हैस विकायचं घरात चाललं आहे. पत्राच्या शेवटी तीन गोष्टी सहज लिहिल्या आहेत. आईचं बीपी १०० च्या आसपास येतं म्हणून एक गोळी ते अर्धीच देतात. गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणतात. आणि आईची मिश्री चालू आहे, "तेवढंच एक सुख उरलंय, ते कसं काढून घेऊ?" त्यांचा प्रश्न असा: आईच्या रक्तवाहिन्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून यातलं नेमकं काय करू? आणि चालताना आईला काही झालं तर मी स्वतःला कसा माफ करू?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही म्हैस विकायला तयार आहात, यावरून आईवरची माया कळली. दोन वर्षं त्यांना तळहातावर जपलंत तेही त्याच मायेपोटी. तरी मला जे वाटतं ते स्पष्ट सांगते. मी हृदयविकाराच्या रुग्णांना पुन्हा उभं करण्याच्या कामात आहे, फिजिओथेरपिस्ट म्हणून. ज्या घरात माणसाला सगळ्यात जास्त जपलं जातं, तिथल्या माणसाचे पाय सगळ्यात आधी जातात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. रक्तवाहिनी म्हणजे नळ, तो आतून गंजला किंवा तुंबला, आता कशाने तरी तो साफ करायचा. रस, पावडर, सिटिंग या सगळ्यामागे हेच चित्र आहे. अटॅकच्या वेळी ते थोडंफार लागूही होतं. आईची एक वाहिनी बंद पडली आणि डॉक्टरांनी ती उघडली. पण आज चार पावलांत जो दम लागतो त्याचं कारण बरंचसं वेगळ्या ठिकाणी आहे.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून शेतातलंच सांगते. विहिरीवरची मोटर आणि वाफे यांच्यामध्ये एक माणूस असतो, दारं धरणारा. कुठल्या वाफ्याला आत्ता पाणी पाहिजे ते बघून तो एक दारं मोडतो, दुसरं बांधतो. मोटर दणक्यात चालत असेल तर तो थोडा झोपला तरी निभावतं. मोटर अर्ध्या ताकदीवर आली की सगळी मदार त्याच्यावर येते. शरीरात हे काम रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर करतं. पेशींचा एकच थर, इतका पातळ की कित्येक वर्षं डॉक्टरसुद्धा त्याला नुसता कागद समजत होते. चालताना मांडीच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं, तेव्हा हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सोडतं. त्याने वाहिनीची भिंत सैल पडते, वाहिनी रुंदावते आणि रक्त हव्या त्या जागी पोहोचतं.

हे कळलं तेही अलीकडेच. १९८० साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करताना पाहिलं की अस्तर शाबूत असेल तर एका औषधाने वाहिनी सैल पडते, अस्तर घासून गेलं असेल तर त्याच औषधाने पडत नाही. पुढे तो सैल करणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड असल्याचं सिद्ध झालं. या कामासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी शरीरात हाच वायू तयार करून काम करते.

आता आईच्या शरीरात काय चाललं असेल ते बघा. हृदयातून रक्त कमी बाहेर पडतंय हे शरीराला जाणवतं. पण ते कशामुळे, हे शरीराला ओळखता येत नाही. रक्तस्राव होतोय असं समजून ते जुन्या सवयीने वागतं. वाहिन्या आवळतं, मीठ आणि पाणी धरून ठेवतं, नाडी वाढवतं. जखमी माणसाला यातून तासाभराचा आधार मिळतो. हृदय कमजोर झालेल्या माणसाच्या शरीरात मात्र हे महिनोन्‌महिने चालू राहतं, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय आणखी दमतं. या ओढाताणीत अस्तर आजारी पडतं, नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतं, आणि झालेलंही लवकर नष्ट होतं. त्यात माणूस खुर्चीवर बसून राहिला की प्रवाहच मंदावतो. अस्तराला जाग येते ती त्याच्यावरून रक्त जोराने घासून जातं तेव्हा. पाणीच येत नसेल तर दारं धरणारा बांधावर झोपणारच.

म्हणजे दोन वर्षांपूर्वी आईचं हृदय कमजोर झालं, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत पायांचे स्नायू आणि वाहिन्याही कमजोर झाल्या. पहिली गोष्ट कुणाच्या हातात नव्हती. दुसरी अजून बरीचशी तुमच्या आणि आईंच्या हातात आहे. इकोतला ३० हा आकडा फारसा वर गेला नाही तरी आई आजच्यापेक्षा जास्त चालू शकतील, कारण माणूस किती चालतो हे त्या एका आकड्यावर ठरत नाही. २५ टक्के पंपिंगवर बाजारहाट करणारी माणसं असतात आणि ४० वर अंथरूण धरलेलीही असतात.

मामांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांच्या तरुणपणी मोठमोठे डॉक्टरही हेच सांगत: हृदय कमजोर, तर अंथरुणात पडून राहा. ते मत बदललं ते मोजमापं हातात आल्यावर. जर्मनीत १९९६ साली अशा रुग्णांना चार आठवडे रोज हाताची मूठ आवळण्याचा व्यायाम दिला. त्या हातातल्या रक्तवाहिनीची रुंदावण्याची क्षमता सुधारली. मग व्यायाम बंद केला, आणि सहा आठवड्यांनी मोजलं तर सगळा फायदा नाहीसा झालेला होता. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दोन वर्षांनी लाइपझिगमध्ये २० रुग्णांवर काम झालं. त्यांचं पंपिंग सरासरी २३-२४ टक्के, म्हणजे तुमच्या आईंपेक्षाही कमी. निम्म्यांनी सहा महिने सायकलचा व्यायाम केला, तोही बहुतांश घरी. त्यांच्या मांडीच्या वाहिनीचं अस्तर पुन्हा नीट काम करू लागलं आणि प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सुमारे पाव हिश्श्याने वाढली. २००१ मध्ये त्याच गावातल्या मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखवली: व्यायाम पायांचा, पण हाताची वाहिनीही सुधारते. पायाने चालावं आणि हाताचं दारं उघडावं, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

हे प्रयोग लहान होते. चालताना काही झालं तर, ही तुमची भीती मात्र मोठी आहे, तेव्हा मोठा अभ्यासही सांगते. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या २,३३१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००९ मध्ये आले. निम्म्यांना औषधांसोबत नियमित व्यायाम, निम्म्यांना नेहमीचे उपचार. व्यायाम करणाऱ्यांना जास्त धोका झाला नाही. मृत्यू आणि रुग्णालयातल्या फेऱ्या कमी होण्यातला फरक माफक होता, तो मी फुगवून सांगणार नाही. पण चालण्याची क्षमता आणि दिवसाची उमेद वाढली. तेव्हा चालण्याने आईला काही होईल का, या प्रश्नाच्या शेजारी दुसरा प्रश्नही मांडा: न चालल्याने आईचं काय होतंय? त्याचं उत्तर गेली दोन वर्षं सोप्यातल्या खुर्चीत बसलेलं आहे.

आता ३५ सिटिंगबद्दल. जाहिरातीत 'नैसर्गिक बायपास' असं काही म्हटलं असेल. पिंढऱ्या, मांड्या आणि नितंबांना हवेचे पट्टे बांधतात. हृदय दोन ठोक्यांमध्ये विसावतं तेवढ्यात ते फुगवून रक्त वरच्या बाजूला ढकलतात. रोज एक तास, असे ३५ तास. ही उपचारपद्धत खोटी नाही. औषधं आणि शस्त्रक्रिया करूनही ज्यांचं छातीतलं दुखणं थांबत नाही, अशा काही रुग्णांना तिचा उपयोग होतो. हृदय कमजोर असलेल्या १८७ रुग्णांवरचे निष्कर्ष २००६ मध्ये आले: व्यायाम करण्याचा वेळ थोडा वाढला, पण प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली नाही. साचलेले अडथळे विरघळतात आणि वाहिन्या कायमच्या मोकळ्या होतात, या दाव्याला आधार नाही. तुम्ही आईच्या छातीत दुखतं असं कुठे लिहिलेलंही नाही. आणि मुठीचा तो प्रयोग आठवा. चार आठवड्यांत कमावलेलं सहा आठवड्यांत गेलं होतं. अस्तराला रोजचं काम लागतं, एकदाचं पॅकेज पुरत नाही. म्हैस विकू नका.

पावडर मात्र आजच बंद करा. एल-आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, म्हणून कागदावर कल्पना छान दिसते. पण २००६ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले आणि न घेणाऱ्यांपैकी एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. अटॅक येऊन गेलेल्या बाईच्या पोटात ही पावडर जाऊ नये. बीटाचं तसं नाही. कोशिंबिरीत घाला, खुशाल खाऊ द्या. पण रोज पेलाभर रस औषध म्हणून देऊ नका, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि अशा रुग्णांच्या काही गोळ्यांनी ते शरीरात आधीच वाढलेलं असू शकतं. याच कारणाने 'लो-सोडियम' म्हणून मिळणारं मीठही नको. सोडियम काढून त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं.

यापुढचं नीट वाचा. तुम्ही पत्राच्या शेवटी जे तीन ओळींत उरकलंत, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पहिली, अर्धी केलेली गोळी. बीपी १०० येतंय म्हणून ती तुम्ही अर्धी करता. बीपी कमी म्हणजे गोळी जास्त झाली, असा तुमचा हिशेब. पण या गोळ्या आईला बहुधा बीपीसाठी दिलेल्याच नाहीत. शरीर जी चुकीची आवळाआवळ करतं, ती सोडवणारी ही औषधं आहेत. ज्या रक्तवाहिन्या मोकळ्या करायला तुम्ही म्हैस विकायला निघालात, त्यांच्यावर रोज काम करणारी औषधं घरातल्याच डब्यात आहेत, आणि ती अर्धी पडतायत. १९८७ मध्ये स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये अत्यंत गंभीर अवस्थेतल्या २५३ रुग्णांपैकी निम्म्यांना एनालाप्रिल हे अशी आवळाआवळ सोडवणारं औषध दिलं. सहा महिन्यांत मृत्यूंचं प्रमाण औषध न घेणाऱ्यांत ४४ टक्के होतं, घेणाऱ्यांत २६. त्यानंतर आणखी औषधं आली, आणि आज अशा रुग्णाला साधारण चार प्रकारची औषधं एकत्र देतात. अशा आईंचं बीपी १०० असणं, चक्कर येत नसेल तर, पुष्कळदा ठीकच असतं. चक्कर येत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना फोन करा. ते वेळ बदलतील, दुसरी एखादी गोळी कमी करतील. ब्लेड तुम्ही हातात घेऊ नका. आणि आजवर अर्धी देत होतो हे पुढच्या भेटीत न लाजता सांगा. पूर्ण गोळी पुन्हा कशी सुरू करायची तेही त्यांच्याकडूनच समजून घ्या.

दुसरी, गुडघ्यांची गोळी. मेडिकलमध्ये "गुडघ्यासाठी द्या" म्हटलं की बहुधा डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांपैकी काहीतरी हातात पडतं. ही औषधं मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. हृदय कमजोर असलेल्या माणसाला चार दिवसांत पायांना सूज आणि रात्री दम, आणि मग रुग्णालय. किती घरांत हे घडतं आणि कुणाला गोळीची शंकाही येत नाही! गुडघ्यांना शेक द्या, वरून लावायच्या औषधाबद्दल आणि पॅरासिटॅमॉलबद्दल डॉक्टरांना विचारा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यांवरचा भारही उतरतो. म्हणजे पुढे जो व्यायाम सांगणार आहे तो गुडघ्यांचंही औषध आहे.

तिसरी, मिश्री. तुम्ही लिहिलंत, तेवढंच एक सुख उरलंय. हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. आपल्याकडच्या कितीतरी आया-आज्या दाढदुखीसाठी म्हणून मिश्री लावू लागल्या, आणि मग सकाळी तिच्याशिवाय पोट साफ होईना, डोकं हलकं होईना. बिडी-सिगारेटसारखा तिचा धूर नाही, म्हणून ती कुणाला तंबाखू वाटत नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं, नाडी वाढते आणि वाहिन्या आवळतात. एकीकडे गोळ्या, चालणं करून दारं उघडायची आणि दिवसातून चारदा मिश्रीने ती बांधायची, असं होतं.

तरीही डबी हिसकावून घेऊ नका. आईचं एकच सुख का उरलं, याचा आधी विचार करूया. स्वयंपाकघरातून त्यांना बाहेर काढलंत, गोठ्यातून काढलंत, देवळात एकट्या जाऊ देत नाही. दिवस एवढा मोठा आणि हात रिकामे. मग डबीकडे हात जाणारच. त्यांना कामं परत द्या. भाजी निवडणं, तुळशीला पाणी घालणं, बसून शेंगा सोलणं, नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणं. मग मिश्रीबद्दल त्यांच्याशी बसून बोला. डॉक्टरांसमोर बोललात तर उत्तम. कितीदा लावतात ते आधी त्यांनाच मोजू द्या. दात-हिरड्या दंतवैद्याला दाखवा. दुखणं असेल तर ते मिटल्याशिवाय मिश्री सुटणार नाही. तोंड शिवशिवलं की बडीशेप, लवंग, ओवा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात. एखाद्या दिवशी मोडलं तर ओरडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

आता चालणं. सुरू करण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: प्रकृती सध्या स्थिर आहे ना, ईसीजीत ठोक्यांचा काही त्रास दिसतोय का, आणि सहा मिनिटं चालवून बघण्याची साधी चाचणी करता येईल का. या चाचणीत सपाट जागेवर सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते मोजतात. तो आकडा लिहून ठेवा. वाहिन्या मोकळ्या होतायत का हे बघायला महागडी तपासणी लागत नाही. तीन महिन्यांनी तोच आकडा पुन्हा मोजा. जवळपास हृदयरुग्णांसाठी व्यायामाचा वर्ग असेल तर सुरुवातीचे काही आठवडे तिथे जाणं सगळ्यात चांगलं. नसेल तर घरीही जमतं.

पहिला आठवडा पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी. सपाट रस्ता, जेवणानंतर किमान तासभराने, उन्हात नाही. निघताना दोन मिनिटं अगदी हळू, परतताना पुन्हा हळू. चालता चालता एकदम थांबून बसायचं नाही. वेग किती? नाडी मोजत बसू नका, कारण या रुग्णांच्या गोळ्यांमध्ये बहुधा नाडी मंद ठेवणारं औषध असतं आणि आकडा फसवतो. बोलून बघा. चालता चालता आई तुमच्याशी दोन वाक्यं सलग बोलू शकल्या पाहिजेत. अभंग म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवायला हरकत नाही. शब्द तुटायला लागले तर हळू व्हा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत दोन-तीन महिन्यांत दिवसाला अर्ध्या तासापर्यंत जाता येईल. एखाद्या आठवड्यात वाढलं नाही तर नाही वाढलं. एका दमात जमत नसेल तर मध्ये बसून पुन्हा चालणं हेही चालणंच आहे.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस उंच खुर्चीवरून उठणं-बसणं, सुरुवातीला पाच वेळा. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं. अर्धा लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन कोपर वाकवणं. हे करताना श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. आई प्राणायाम करत असतील तर सावकाश श्वास घेणं आणि सोडणं चांगलं, पण कुंभक, भस्त्रिका, जोरकस कपालभाती नको.

छातीत दुखलं, डोकं हलकं झालं, धडधड वाढली किंवा बसल्यावरही पाच-दहा मिनिटांत दम खाली बसला नाही, तर त्या दिवशी चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन. छातीतलं दुखणं थांबत नसेल तर फोनची वाट न बघता सरळ रुग्णालय गाठा. ताप असेल, रात्री आडवं पडल्यावर गुदमरत असेल, पाय सुजले असतील, त्या दिवशीही चालायचं नाही. यातलं बरंचसं काट्यावर आधी कळतं. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाआधी वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मिठाबद्दल थोडक्यात: सगळं मिळून दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा. भाजीतलं मीठ सगळे कमी करतात, पण ठेचा, पापड, लोणचं, फरसाण आणि सोड्याच्या पुड्या यांतून जातं ते कुणी मोजत नाही. सैंधव घेतलं तरी ते मीठच.

शेवटी, स्वतःला माफ कसं करू, या तुमच्या वाक्याकडे येते. हृदय इतकं कमजोर असलेल्या माणसाला कधीही काहीही होऊ शकतं. खुर्चीत बसल्यावरही, झोपेतही. ही जबाबदारी तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका. आईंना स्वतःला काय हवंय, हे दोन वर्षांत कुणी विचारलंय का? तुमच्या दोन पानी पत्रात आईंचं स्वतःचं एकही वाक्य नाही. आज संध्याकाळी त्यांना विचारा, कुठवर चालत जावंसं वाटतं. मारुतीच्या देवळापर्यंत म्हणतील, मळ्यापर्यंत म्हणतील, माहेरच्या गावी म्हणतील. जे म्हणतील ते कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आणि मामांनाही बोलवा. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यांनाच विचारता येईल. डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्या दिवशी आईंच्या एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला मामा असं चाला. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पुढे जाऊ नका. तिथे त्यांना बसायला बाकडं आहे का, ते मात्र आदल्या दिवशीच बघून या.